काळोखातले भुंगेरे आणि त्यांची नावं

रात्री घरातली वीज गेली, की पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही. मग हळूहळू खिडकीची चौकट दिसू लागते, कोपऱ्यातलं कपाट दिसू लागतं. आपण म्हणतो, डोळे अंधाराला सरावले. खरं तर डोळे अंधाराला सरावत नाहीत, अंधारात उरलेल्या थोड्याशा उजेडाला सरावतात. जमिनीखाली दूरवर गेलेल्या एखाद्या गुहेत जाऊन हातातला दिवा मालवला, तर तासभर बसूनही स्वतःचा तळहात दिसत नाही. तिथं सरावायला उजेडच नसतो.

आज मी तुम्हाला अशा काळोखात जन्मणाऱ्या, शिकार करणाऱ्या आणि तिथंच मरणाऱ्या भुंगेऱ्यांची गोष्ट सांगणार आहे. त्यांची लांबी फार तर तांदळाच्या दाण्याएवढी. काही त्याहून लहान, काही थोडे मोठे. पण या इवल्याशा जिवांनी गेल्या दोनशे वर्षांत डार्विनसारख्या माणसाला विचार करायला लावलं, एका डॉक्टरला त्याचा पेशा सोडायला लावला, आणि त्यांच्यातल्या एकाने तर नाव देणं म्हणजे काय, असा पेच साऱ्या प्राणिशास्त्रापुढे उभा केला.

गुहा म्हटलं, की आपल्या महाराष्ट्रात आधी लेणी आठवतात. अजिंठा, कार्ले, भाजे. पण ही लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. त्यांचं वय दोन हजार वर्षांच्या आसपास आणि खोली काही दालनांची. मी ज्या गुहांबद्दल बोलतो आहे त्या पाण्याने कोरलेल्या आहेत, आणि त्या चुनखडीच्या आहेत. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. ते चुनखडीच्या भेगांत शिरतं आणि लाखो वर्षं थेंबाथेंबाने खडक विरघळवत राहतं. भेगेचं बीळ होतं, बिळाचं भुयार होतं, भुयारांचं जाळं होतं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेचं आजवर मोजलेलं जाळं ६८० किलोमीटरहून लांब आहे. मुंबईहून नागपूरला सरळ रेषेत जावं, साधारण तेवढं हे अंतर. आपल्या देशात अशा चुनखडीच्या लांबलचक गुहा मेघालयात आहेत.

आता भुंगेऱ्याकडे वळू. पावसाळ्याच्या तोंडावर अंगणातला एखादा ओला दगड उचलला, तर खालून चकचकीत काळा, लांब पायांचा किडा भर्रकन पळतो. त्याला उडण्यापेक्षा धावणं अधिक आवडतं. इंग्रजीत या कुळाला ग्राउंड बीटल म्हणतात, शास्त्रीय नाव कॅराबिडी. या कुळात सुमारे चाळीस हजार जाती आहेत. बहुतेक सगळे शिकारी. अळ्या, गोगलगायी, इतर किडे खाणारे, म्हणजे शेतकऱ्याचे मित्रच. यांच्यातले काही फार लहान, ओल्या जागी, पालापाचोळ्याखाली, ओढ्याकाठच्या खड्यांखाली राहणारे असतात. त्यांच्या गटाला ट्रेकिनी म्हणतात. गुहेतल्या आंधळ्या भुंगेऱ्यांची फार मोठी शाखा याच गटातून निघाली आहे. जे आधीच ओल, गारवा आणि सावली शोधत होते, तेच पुढे जमिनीखाली गेले, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

दिवे लावणारा लुका

गोष्ट सुरू होते आजच्या स्लोव्हेनियात. त्या काळी हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. चुनखडीच्या अशा प्रदेशाला सगळ्या जगात कार्स्ट म्हणतात, तो शब्दच मुळी इथल्या एका पठाराच्या नावावरून आलेला आहे. तिथं पोस्तोइना नावाची प्रचंड गुहा आहे. १८१८ मध्ये सम्राट गुहा पाहायला येणार म्हणून सजावटीची तयारी चालली होती. त्या तयारीतल्या लुका चेच नावाच्या एका स्थानिक माणसाने पलीकडे चढून जाऊन आतली नवी, कित्येक पटींनी मोठी दालनं शोधली. पुढे हाच लुका गुहेत दिवे लावण्याचं काम करत असे.

१८३१ मध्ये लुकाला गुहेत एक विचित्र किडा सापडला. बारीक मान, काटक्यांसारखे लांब पाय, पाठ मात्र फुगीर, काचेच्या मण्यासारखी, आणि डोळे नाहीत. त्याने तो काउंट होहेनवार्ट या उमरावाकडे दिला. उमराव निसर्गप्रेमी होता, पण त्यालाही हा प्राणी ओळखता आला नाही. त्याने तो ल्युब्लियाना शहराजवळ राहणाऱ्या फर्डिनांड श्मिट यांच्याकडे पाठवला. श्मिट व्यवसायाने व्यापारी. दुकान सांभाळून किडे आणि शिंपले गोळा करणारे. त्यांनी १८३२ मध्ये या किड्याचं वर्णन छापलं आणि त्याला नाव दिलं लेप्टोडायरस होहेनवार्टी. पहिल्या शब्दाचा अर्थ बारीक मानेचा, दुसरा शब्द उमरावाच्या सन्मानार्थ. ज्याने तो काळोखातून उचलून आणला, त्या दिवे लावणाऱ्याच्या वाट्याला हे नाव आलं नाही.

हा काही कॅराबिडी कुळातला भुंगेरा नव्हता. तो कुजलेलं खाणाऱ्या वेगळ्याच कुळातला. पण शास्त्राने नोंदलेला हा पहिला गुहावासी कीटक. तोवर समज असा, की गुहेच्या आत किडे राहूच शकत नाहीत. तिथं झाड नाही, पान नाही, ऊन नाही, खाणार काय? लुकाच्या त्या एका किड्याने हा समज मोडला. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ दुसरा नमुना कोणाला मिळाला नाही, पण शोधणारे हात थांबले नाहीत.

१८४४ : दोन खंड, एक नाव

शोधता शोधता श्मिट यांना त्याच परिसरातल्या गुहेत एक वेगळा, तांबूस रंगाचा, चपळ आंधळा भुंगेरा मिळाला. १८४४ मध्ये न्यूरेंबर्गच्या याकोब श्टुर्म यांनी त्याचं वर्णन केलं आणि अनॉफ्थाल्मस श्मिटी असं नाव दिलं. अनॉफ्थाल्मस म्हणजे डोळे नसलेला. हा मात्र खरा कॅराबिडी, आपल्या अंगणातल्या दगडाखालच्या भुंगेऱ्याचा भाऊबंद.

योगायोग पाहा. त्याच १८४४ साली बर्लिनच्या एरिक्सन यांनी अटलांटिकपलीकडून आलेल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याचं वर्णन केलं. टेलकाम्फ नावाचे जर्मन डॉक्टर १८४२ मध्ये मॅमथ गुहेत गेले होते. तिथले आंधळे मासे, आंधळे कोळी, आंधळे किडे त्यांनी गोळा केले. त्या काळी मॅमथ गुहेत पाहुण्यांना फिरवणारे वाटाडे गुलाम होते. त्यांतला स्टीफन बिशप तर गुहेचा इतका जाणकार, की त्याने १८४२ मध्ये आठवणीतून तिचा नकाशा काढला होता. पण तो कायद्याने स्वतःच्या देहाचाही मालक नव्हता. शास्त्राच्या ग्रंथात नाव गेलं ते पाहुण्या डॉक्टरांचं. केंटकीचा भुंगेरा झाला अनॉफ्थाल्मस टेलकाम्फी.

म्हणजे युरोपातला भुंगेरा अनॉफ्थाल्मस आणि अमेरिकेतला भुंगेराही अनॉफ्थाल्मस. दोघांचं आडनाव एकच, कारण दोघांनाही डोळे नव्हते. इथं एक मोठी चूक दडलेली होती. ती सुधारायला पाऊणशे वर्षं जावी लागली.

डार्विनची अडचण

१८५९ मध्ये डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ आला. त्यात त्याने गुहेतल्या प्राण्यांचा मुद्दा मुद्दाम घेतला आहे. त्याचा युक्तिवाद साधा होता. युरोपातली आणि अमेरिकेतली खोल चुनखडीची गुहा, दोन्हीकडची हवा, ओल, काळोख जवळजवळ सारखा. जर प्रत्येक प्राणी त्या त्या जागेसाठी वेगळा निर्माण केला गेला असेल, तर सारख्या जागेसाठी सारखेच प्राणी असायला हवेत. प्रत्यक्षात तसं नाही. अमेरिकेतल्या गुहांतले बरेचसे प्राणी अमेरिकेतल्याच उघड्यावरच्या प्राण्यांचे नातलग दिसतात, आणि युरोपातले युरोपातल्यांचे. म्हणजे हे प्राणी बाहेरून, आपापल्या परिसरातून, पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू आत गेले. या मुद्द्यासाठी डार्विनने डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ श्यॉट यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला होता.

पण अनॉफ्थाल्मस मात्र या युक्तिवादात खड्यासारखा टोचत होता. त्याच्या जाती तेव्हा फक्त गुहांतच सापडत होत्या, आणि त्या दोन्ही खंडांत होत्या. ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत डार्विनने त्याला उत्तर दिलं. कदाचित यांचे डोळस पूर्वज एकेकाळी दोन्ही खंडांत पसरलेले असतील, उघड्यावरचे नष्ट झाले असतील, आणि या कोपऱ्यांत लपलेले तेवढे उरले असतील.

उत्तर चांगलं होतं, पण प्रश्नच थोडा चुकीच्या नावावर उभा होता. डोळे नसणं हा काही खानदानाचा पुरावा नव्हे. दोन माणसांना टक्कल असलं म्हणून ते चुलत भाऊ ठरत नाहीत. गुहेत जो जाईल त्याचे डोळे जातील, पंख जातील, रंग फिका पडेल, पाय आणि स्पर्शिका लांबतील, अंगावरचे संवेदनशील केस वाढतील. म्हणजे काळोख सगळ्यांना एकाच साच्यात ओततो. मग खरं नातं ओळखायचं कशावरून?

डॉक्टर जानेल यांची नजर

या प्रश्नाचं उत्तर शोधणारा माणूस म्हणजे रेने जानेल. १८७९ मध्ये जन्मलेला हा फ्रेंच माणूस शिक्षणाने डॉक्टर. पण पिरनीज पर्वतातल्या गुहांनी त्याला असं वेड लावलं, की दवाखान्याऐवजी त्याने काळोख पत्करला. त्याची गाठ पडली एमिल राकोविट्झा या रुमानियन शास्त्रज्ञाशी. राकोविट्झा १८९७ ते १८९९ या काळात बेल्जिका जहाजावरून अंटार्क्टिकाला जाऊन आलेला. हिमखंड पाहिलेला हा माणूस १९०४ मध्ये मायोर्का बेटावरच्या एका गुहेत शिरला, तिथल्या पाण्यात त्याला एक आंधळा जलचर सापडला, आणि तेव्हापासून तो गुहांचाच झाला. १९०७ मध्ये त्याने गुहेतल्या जीवसृष्टीच्या प्रश्नांवर एक दीर्घ निबंध लिहिला. तेव्हापासून या विषयाला स्वतंत्र शास्त्र म्हणून ओळख मिळाली. १९२० मध्ये रुमानियातल्या क्लुज शहरात त्याने गुहाशास्त्राची संस्था काढली, जगातली अशी पहिलीच. जानेल तिथं त्याचा सहकारी झाला.

गुहेतल्या प्राण्यांचे तीन वर्ग त्याआधीच, १८५४ मध्ये, शिनर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने केले होते, आणि राकोविट्झाने ते पक्के केले. आपण त्यांना घरगुती नावं देऊ. पहिले पाहुणे : चुकून किंवा थोड्या वेळासाठी आत आलेले. दुसरे भाडेकरू : आतही राहतात, बाहेरही राहू शकतात. तिसरे कायमचे रहिवासी : ज्यांना बाहेरचं जगणं आता शक्यच नाही. आपले आंधळे भुंगेरे या तिसऱ्या वर्गातले.

जानेलची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. गुहेत ओल्या भिंतीवर, चिखलावर, वटवाघळांच्या लेंडीजवळ तासन्‌तास पाहत बसायचं. उग्र वासाच्या चीजचा तुकडा ठेवून सापळा लावायचा. किडा दिसला, की ओल्या कुंचल्याने टिपायचा किंवा नळीने हवा ओढून अलगद बाटलीत घ्यायचा. मग घरी सूक्ष्मदर्शकाखाली खरं काम सुरू. जानेलने वरवरचा आकार बाजूला ठेवला. त्याने पाहिलं, की पाठीच्या कडक पंखांवर संवेदनशील केस नेमके कुठे कुठे आहेत, पंखांवरच्या रेषा टोकाशी कशा वळतात, आणि मुख्य म्हणजे नराच्या जननेंद्रियाची रचना कशी आहे. शरीराच्या आत दडलेल्या या अवयवाला काळोखाशी काही देणंघेणं नसतं. त्यामुळे गुहेत गेल्यानेही त्यात घराण्याची खूण टिकते. आपल्याकडे म्हणतात ना, माणसाने वेश बदलला तरी बोलीवरून गाव कळतं. तसंच हे.

या कसोटीवर अनॉफ्थाल्मस हे एक घराणं राहिलंच नाही. १९२० मध्ये जानेलने अमेरिकेतल्या जाती त्यातून बाहेर काढल्या. बहुतेकांना त्याने स्यूडॅनॉफ्थाल्मस, म्हणजे खोटा अनॉफ्थाल्मस, असं नाव दिलं. आणि टेलकाम्फच्या त्या जुन्या भुंगेऱ्यासाठी निआफीनॉप्स ही स्वतंत्र प्रजाती केली. १९२६ ते १९३० या काळात ट्रेकिनी आणि त्यांच्या भाऊबंदांवरचा त्याचा प्रचंड ग्रंथ छापून झाला. १९२८ मध्ये तो स्वतः अमेरिकेत जाऊन तिथल्या गुहा पाहून आला. म्हणजे डार्विनला टोचणारा खडा निघाला. दोन्ही खंडांतल्या भुंगेऱ्यांचं आडनाव एकच नव्हतंच, ते आपण चुकून लावलं होतं.

गंमत अशी, की स्वतः जानेल डार्विनच्या नैसर्गिक निवडीवर विश्वास ठेवणारा नव्हता. वापर थांबल्याने अवयव झिजतात आणि ती झीज वारशाने पुढे जाते, असं मानणाऱ्यांपैकी तो होता. त्याच्या दृष्टीने हे भुंगेरे म्हणजे गुहांमधले जिवंत जीवाश्म, एका जुन्या, ओल्या, गार जगाचे अवशेष. खंड सरकतात हे वेगेनरचं म्हणणं बहुतेकांनी हसण्यावारी नेलं तेव्हा जानेलने ते उचलून धरलं, ही त्याची दूरदृष्टी. वारशाबद्दलचं त्याचं मत मात्र पुढे टिकलं नाही. शास्त्रात असं होतं. माणसाचं निरीक्षण टिकतं, स्पष्टीकरण बदलतं.

बेटांसारख्या गुहा

अमेरिकेत हे काम पुढे नेलं थॉमस बार यांनी. केंटकी विद्यापीठात शिकवणाऱ्या बार यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेकडो गुहा पालथ्या घातल्या. स्यूडॅनॉफ्थाल्मसच्या आज दीडशेच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी जातींना नाव देणारे बारच. त्यांना एक गोष्ट ठळक दिसली. अॅपलेशियन पर्वतात चुनखडी अरुंद पट्ट्यांत विभागलेली आहे. तिथं प्रत्येक खोऱ्यात, कधी कधी एकेका गुहेत, वेगळी जात. उलट केंटकीच्या सलग चुनखडीच्या पठारावर भुयारं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे जाती दूरवर पसरलेल्या आणि एकाच गुहेत अनेक जाती एकत्र नांदणाऱ्या. समुद्रात बेटं असावीत तशा या जमिनीखालच्या गुहा. मधला वाळूचा खडक म्हणजे त्यांचा समुद्र.

हे आत गेले कधी? बार यांचं म्हणणं असं, की हिमयुगात ओले, गार जंगल खालपर्यंत पसरलेलं होतं. त्याच्या पाल्यापाचोळ्यात हे छोटे भुंगेरे राहत. हवा तापली, जंगल सुकलं. काही भुंगेरे डोंगरावर वर चढले, काही गुहांच्या गारव्यात शिरले. बाहेरचे मेले, आतले उरले. सुरुवातीला मी ओल आणि सावली शोधणाऱ्या पूर्वजांबद्दल बोललो होतो, ते यासाठी. वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगराळ जंगलात, गुहेच्या बाहेर, खोल मातीत राहणारी याच प्रजातीची एक जात बार यांनी १९६७ मध्ये नोंदली, तेव्हा या विचाराला बळकटी आली.

आणि टेलकाम्फचा तो निआफीनॉप्स खातो तरी काय? मॅमथ गुहेत लांब पायांचे रातकिडे राहतात. ते रात्री बाहेर जाऊन चरतात आणि गुहेत परत येऊन वाळूत अंडी घालतात. भुंगेरा त्या वाळूवरून वास घेत फिरतो, नेमक्या जागी खड्डा उकरतो आणि अंड्यातला रस पिऊन टाकतो. म्हणजे बाहेरच्या उन्हात वाढलेल्या झाडपाल्याची ताकद रातकिड्याच्या पोटातून, अंड्यातून, काळोखातल्या भुंगेऱ्यापर्यंत पोचते. गुहा कितीही बंद दिसली तरी तिची चूल बाहेरच्या सरपणावरच पेटते. म्हणूनच वरचं जंगल तोडलं, वरचं पाणी नासवलं, की खालच्या काळोखात उपासमार होते.

एकविसाव्या शतकात या कथेत एक नवा साक्षीदार आला, तो म्हणजे डीएनए. २०१० मध्ये पिरनीजमधल्या आंधळ्या ट्रेकिनींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की तिथल्या या भुंगेऱ्यांचं मूळ एकच आहे आणि ते सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे हिमयुगाच्या कितीतरी आधीचं. शिवाय आकारावरून केलेल्या काही प्रजाती तिथंही फुटल्या. अतिशय सडपातळ, लांब मानेचा तो खास आकार एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा तयार झाला होता. जानेलने जी चूक दुसऱ्यांची काढली, तीच थोड्या प्रमाणात त्याच्या स्वतःच्या वर्गीकरणातही निघाली.

एका नावाचं ओझं

आता येतो त्या पेचाकडे. १९३० च्या दशकात स्लोव्हेनियातल्या काही गुहांत अनॉफ्थाल्मसची एक नवी जात मिळाली. पाच मिलिमीटरच्या आसपास लांबीचा, तपकिरी, आंधळा किडा. शाइबेल नावाच्या एका हौशी संग्राहकाने १९३७ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि त्याला नाव दिलं अनॉफ्थाल्मस हिटलरी. जर्मनीच्या त्या वेळच्या चॅन्सेलरबद्दलचा आदर म्हणून.

पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. युद्ध झालं, लाखो माणसं मारली गेली, हिटलर संपला. पण किड्याचं नाव राहिलं. का? कारण प्राण्यांच्या नामकरणाचा जागतिक नियम असा, की योग्य रीतीने छापलेलं पहिलं नाव ग्राह्य. १७५८ पासूनच्या सगळ्या नावांना हा नियम लागू आहे. नाव आवडलं नाही, अर्थ चुकीचा निघाला, ज्याच्यावरून दिलं तो माणूस वाईट निघाला, यातलं काहीही ते बदलायला पुरत नाही. नवं नाव देताना कोणाच्या भावना दुखावतील असं देऊ नये, असा नैतिक संकेत आहे, पण जुन्या नावांना तो मागे जाऊन लागत नाही.

आणि या नावाची किंमत किड्याला मोजावी लागली. नाझी काळातल्या वस्तू जमा करणाऱ्या लोकांना तो हवासा झाला. त्याच्या नमुन्यांना बाजारात मोठी किंमत येऊ लागली. तो चोरून पकडला जातो, म्युनिकच्या प्राणिसंग्रहातूनही त्याचे नमुने चोरीला गेले, अशा बातम्या २००६ मध्ये आल्या. स्लोव्हेनियाच्या मोजक्याच गुहांत राहणारा हा जीव, ज्याने उजेडही पाहिला नाही, त्याचा हिटलरशी काय संबंध? पण नावामुळे त्याच्या जिवावर बेतलं.

मग नाव बदलावं का? बरेच जण म्हणतात, बदलावं. अपमान करणारं नाव शास्त्राने का मिरवावं? प्राण्यांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय आयोग मात्र नाही म्हणतो. २०२३ मध्ये आयोगाच्या सदस्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांची बाजू मांडली आहे. नाव ही शाबासकी नव्हे, ती खूण आहे. दोनशे वर्षांचे ग्रंथ, संग्रहातल्या चिठ्ठ्या, कायद्यातल्या याद्या, सगळं त्या खुणेला बांधलेलं आहे. आज एक खूण काढली, तर उद्या कोणाची काढायची हे ठरवणार कोण? वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र थोडी वेगळी वाट धरली. २०२४ मध्ये माद्रिदला भरलेल्या त्यांच्या परिषदेने, आफ्रिकेतल्या काळ्या माणसांना शिवी म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका शब्दापासून बनलेली दोनशेहून अधिक नावं बदलायचं ठरवलं. म्हणजे प्रश्न अजून मिटलेला नाही.

माझं मत विचाराल, तर मला आयोगाचं म्हणणं पटतं, पण पूर्ण समाधान होत नाही. नाव खूण असतं हे खरं. पण ती खूण कोण लावतो, हेही खरं. लुका चेचने किडा उचलला, नाव उमरावाचं लागलं. केंटकीच्या गुहेच्या वाटा गुलाम माणसांना पाठ होत्या, नाव पाहुण्याचं लागलं. एका भक्ताने हुकूमशहाचं नाव लावलं, ते किड्याच्या पाठीवर कायमचं बसलं. नावं पुसून हा इतिहास पुसला जाणार नाही. मात्र नाव वाचताना त्यामागची माणसं आठवणं, एवढं तर आपल्या हातात आहे.

अजून न उघडलेलं दार

ही गोष्ट संपलेली नाही. काळ्या समुद्राकाठच्या अबखाझियातली क्रुबेरा ही गुहा दोन किलोमीटरहून खोल आहे. तिथला एक नवा ट्रेकिनी भुंगेरा २०१४ मध्ये नोंदला गेला. चीनच्या दक्षिणेकडे ग्वांगशी प्रांतात २०१७ मध्ये असा एक भुंगेरा मिळाला, की त्याचं डोकं आणि मान विलक्षण लांबट, पाय सुईसारखे. काळोखाने घडवलेल्या शरीराचा इतका टोकाचा नमुना क्वचितच पाहिला गेला होता.

आपल्या देशात १९२२ मध्ये स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा या झूलॉजिकल सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी मेघालयातल्या गारो टेकड्यांमधली सिजू गुहा पद्धतशीर तपासली. त्यांचे निष्कर्ष १९२४ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात छापून आले. वटवाघळांच्या लेंडीवर जगणारी केवढी वस्ती तिथं आहे, हे त्यातून कळलं. त्यातले बरेचसे प्राणी मघाच्या भाषेत पाहुणे आणि भाडेकरू होते. शंभर वर्षं होऊन गेली, मेघालयात कितीतरी नवी भुयारं मोजली गेली, आणि त्याच डोंगरांत चुनखडीसाठी खाणीही चालतात. एका गुहेपुरती असलेली जात त्या गुहेबरोबर जाते. तिला दुसरं घर नसतं, आणि तिला नाव मिळालेलं नसेल, तर ती गेली हे कोणाच्या वहीतही लागत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी गुहेत दिवे लावणाऱ्या एका माणसाची नजर खाली गेली आणि तिथं हलणारं काहीतरी त्याला दिसलं. पुढचं सगळं त्यातून घडलं. तुमच्या अंगणातला ओला दगड उचलाल तेव्हा खालून पळणाऱ्या त्या काळ्या भुंगेऱ्याकडे क्षणभर पाहा. त्याच्याच चुलत्यांनी एक कोटी वर्षांपूर्वी काळोखाची वाट धरली होती. आणि पाहून झालं, की दगड होता तसा हलकेच ठेवून द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)